पाच पुस्तकांचे वर्ष

मार्च महिना आला की घरोघर हिशेबाच्या वह्या निघतात. कोणी आयकराची जुळवाजुळव करतो, कोणी दूधवाल्याची थकबाकी तपासतो. माझ्याजवळ याच सुमारास उघडण्याची एक निराळी वही आहे. लग्न होऊन मी इंदुरास आले त्या वर्षापासून, पाडव्यापासून पाडव्यापर्यंत वाचलेल्या पुस्तकांची नावे मी तीत लिहीत आले आहे. पुस्तकाचे नाव, लेखकाचे नाव, वाचून संपल्याची तिथी, आणि जागा उरली तर एखादी ओळ. मुलांच्या परीक्षा, सासूबाईंचे आजारपण, माझी शाळेतील नोकरी या सर्वांतून वाट काढीत वर्षाकाठी तीस-पस्तीस नावे तीत पडत. एका वर्षी ती एक्कावन्न झाली होती, आणि त्याचा मला थोडा अभिमानही वाटला होता.

शके १९४६ चे, म्हणजे एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ या वर्षाचे पान आज समोर आहे. त्यावर अवघी पाच नावे आहेत. तरीही चाळीसहून अधिक पानांच्या त्या वहीतील सर्वांत भरलेले पान कोणते असे कोणी विचारले, तर मी याच पानावर बोट ठेवीन. ते का, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

वाचन हा आमच्या घरात दोघांचाही शौक. पण आम्ही वाचणारे दोन वेगवेगळ्या खोल्यांतले. हे सरकारी नोकरीत अभियंता होते. यांचे वाचन इतिहासाचे, चरित्रांचे आणि वर्तमानपत्राचे. माझे कथा-कादंबऱ्यांचे आणि ललित निबंधांचे. जेवताना एकमेकांना "काय वाचता आहात?" एवढे विचारावे, उत्तर ऐकावे आणि आपापल्या पुस्तकाकडे वळावे, असा आमचा अनेक वर्षांचा परिपाठ होता.

दोन वर्षांपूर्वी यांच्या डोळ्यांपुढे मधोमध एक डाग येऊ लागला. डॉक्टरांनी तपासून सांगितले, की दृष्टिपटलाचा मधला भाग झिजत चालला आहे. उतारवयात होणारा हा विकार आहे, आणि यांना जो प्रकार झाला आहे त्यात गेलेली दृष्टी परत येण्यासारखे औषध नाही. या विकारात माणूस अंधारात बुडत नाही. कडेचे सारे दिसते. दारातून कोणी आले हे कळते, पण कोण आले ते कळत नाही. कारण चेहरा पाहायला नेमका मधला भाग लागतो. आणि अक्षर वाचायलाही तोच. प्रथम यांनी जाड भिंग आणले, मग मोठा दिवा आणला. पुढे भिंगाखाली एकेक शब्द सरकवीत अर्धा तास बसत आणि पुस्तक मिटून ठेवीत. एके दिवशी भिंग कपाटात गेले. त्यानंतर हे खुर्चीत बसून राहू लागले. तक्रार नाही, चिडचिड नाही. बोलणे मात्र कमी होत गेले. ज्या माणसाने जन्मभर वाचले, तो वाचायचा थांबला की त्याच्याजवळ बोलायलाही हळूहळू काही उरत नाही, हे मी त्या दिवसांत जवळून पाहिले.

मुलाने एक फोन आणून दिला. तो पुस्तके वाचून दाखवतो. आवाज स्वच्छ होता, उच्चारही बरे होते. यांनी दोन दिवस ऐकले आणि बाजूला ठेवले. म्हणाले, "त्याला हसू कुठं येतं ते कळत नाही. मला आलं तरी तो थांबत नाही."

मी वाचून दाखवू का, असे विचारले तेव्हा मात्र साफ नकार आला. "मी काय चातुर्मासात पोथी ऐकायला बसलेला म्हातारा आहे?" यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मी यांच्या खोलीतच चिंचेचे बोटूक काढायला बसले, शेजारी पाटावर पुस्तक उघडे ठेवले, आणि मधूनमधून आपल्याशीच मोठ्याने वाचू लागले. पुस्तक यांच्याच कपाटातले निवडले होते : विष्णुभट गोडसे यांचे 'माझा प्रवास'.

हे पुस्तक आम्हा माळव्यातील मराठी माणसांना परके वाटूच शकत नाही. पेणजवळच्या वरसई गावचे गोडसे भटजी घरचे कर्ज फिटावे म्हणून १८५७ साली आपल्या काकांबरोबर उत्तरेकडे निघाले. बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा चांगली मिळेल, एवढीच आशा. वाटेत महूच्या आसपास त्यांना बंडाची वार्ता लागली. पुढे उज्जैन, धार, ग्वाल्हेर आणि अखेर झाशी. मार्च-एप्रिल १८५८ मध्ये इंग्रजांनी झाशीला वेढा घालून शहर घेतले, तेव्हा भटजी त्या शहरात होते. त्यांनी जे पाहिले ते सुमारे पंचवीस वर्षांनी आठवून लिहिले, आणि चिंतामण विनायक वैद्यांनी ते १९०७ साली प्रसिद्ध केले. वैद्यांनी त्यात बरेच फेरफार केले होते; मूळ लेखनास धरून असलेली आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली काढली. आमच्याकडे ती दुसरी आहे.

धारच्या मजकुराशी आले तेव्हा खुर्चीतून आवाज आला, "ते परत वाच. धारला किती दिवस होते म्हणालीस?" बोटूक काढणे तेथेच संपले. मी खुर्ची जवळ ओढली. त्या दिवसापासून रात्री जेवणानंतर एक तास, हा नेम पडला.

मोठ्याने वाचू लागल्यावर पहिली गोष्ट ध्यानात आली ती वेगाची. मनात वाचताना मी तासाला चाळीस पाने सहज ओलांडीत असे. मोठ्याने वाचायची तर तासाला पंधरा पाने, आणि यांनी मध्ये थांबवले तर दहाच. हे पुस्तक मी तरुणपणी दोन दिवसांत संपवले होते, आणि माझ्या स्मरणात राहिली होती ती फक्त झाशीची राणी. या वेळी दुसरे बरेच काही दिसले. झाशी पडल्यावर राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाची झालेली नासधूस दिसली. काल्पीच्या वाटेवरची ती विहीर दिसली, जिथे घोडदौडीने थकलेली राणी येते आणि भटजी पाणी ओढून देऊ लागताच त्यांना थांबवून स्वतःच पाणी ओढते. तो मजकूर वाचून झाल्यावर आम्ही दोघेही काही वेळ बोललो नाही. भटजी घरी परतले ते धन घेऊन नव्हे, वाटेत दोनतीनदा लुबाडले जाऊन. पण आईवडिलांसाठी गंगेची कावड मात्र त्यांनी खांद्यावरून आणली. हे म्हणाले, "आपले पणजोबा होळकरांच्या कारकुनीसाठी याच वाटेनं वर आले असतील. त्यांनी चार ओळी लिहून ठेवल्या असत्या तर?"

याच काळात आमच्या बैठकीला तिसरा श्रोता मिळाला. आमची नात तेव्हा आठवीत होती. तिची शाळा इंग्रजी, मैत्रिणी हिंदी. घरात बोलते ती मराठी, पण "आजी, मी अभ्यास करून राहिले" अशी, आमच्या इकडच्या वळणाची. मराठी पुस्तक तिने कधी हातात धरले नव्हते. एकदा तिने पाटावरचे पुस्तक उचलून नाव वाचले. अक्षरे तीच देवनागरी, हिंदीमुळे ओळखीची. त्यामुळे तिने ते बिनचूक वाचले. पण 'माझा' मधला 'झ' तिने 'झील' मधल्यासारखा उच्चारला. हे खुर्चीतून म्हणाले, "असा झ 'माझी'त. 'माझा'त वेगळा. पुन्हा म्हण." तिने विचारले, "अक्षर तर एकच आहे, मग ओळखायचं कसं?"

मी तीस वर्षे शिकवले, पण या प्रश्नाला माझ्याजवळ चटकन उत्तर नव्हते. 'चमचा' या एका शब्दात दोन वेगळे 'च' आहेत, आणि ते वेगळे आहेत हे कागदावर कुठेही लिहिलेले नसते. 'जेवण' आणि 'जावई', 'चहा' आणि 'चाक' : डोळ्यांना सारखेच. हा भेद फक्त कानांनी घरात येतो. महाराष्ट्रात तो रस्त्यावर, शाळेत, बसमध्ये आपोआप कानी पडतो. आमच्या मुलांना लिपी हिंदीची शाळा शिकवते, पण तिच्यातील मराठी उच्चार शिकवायला घराखेरीज दुसरी जागा नाही. आणि घरातले बोलणे तरी किती? जेवण वाढले, दार लाव, फोन ठेव. त्याला पुरणारे शब्द पाचशेसुद्धा नसतील. बाकीची सारी मराठी पुस्तकांत असते, आणि पुस्तके आम्ही इतकी वर्षे आपापल्या खोलीत, ओठ न हलवता वाचीत होतो.

आषाढात दुसरे पुस्तक सुरू झाले. एवढी 'पोथी'ची थट्टा केलेल्या माणसाने स्वतःच सुचवले, की चातुर्मास आहे तर काहीतरी लांबलचक घेऊ. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' काढली. हरिभाऊंनी १८९० साली 'करमणूक' हे साप्ताहिक काढले आणि ही कादंबरी त्यात क्रमशः छापली. त्यामुळे ती जणू रोजच्या वाचनासाठीच बेतलेली आहे; जिथे थांबावे तिथे उद्याची ओढ लागते. यमूची ही कहाणी यमूच सांगते : बालपण, लग्न, तिला प्रेमाने लिहायला-वाचायला शिकवणारा नवरा, मुंबईतले थोडे सुखाचे दिवस, आणि मग वैधव्य. ज्या रात्री त्या मुलीचे बळजबरीने केशवपन होते तो भाग वाचला, त्या रात्री नात उठून आपल्या खोलीत गेली आणि काही वेळाने परत येऊन म्हणाली, "आजी, हे खरंच व्हायचं?" मी तिला माझ्या आजेसासूबाईंविषयी सांगितले. लाल आलवण नेसलेल्या त्या बाईंना मी फक्त छायाचित्रात पाहिले आहे; नातीने ते छायाचित्र शेकडो वेळा पाहूनही तिला कधी काही विचारावेसे वाटले नव्हते. त्या रात्री ती छायाचित्रापुढे उभी राहिली.

या दोन्ही पुस्तकांच्या बरोबरीने एक पुस्तक वर्षभर चालले, ते दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र'. दुर्गाबाईंचा जन्म १९१० साली आमच्या इंदुरातला, याचा इंदूरकरांना कोण अभिमान! बारा महिन्यांवरचे हे निबंध १९५६ साली पुस्तकरूपाने आले. ज्या महिन्याचा निबंध त्याच महिन्यात वाचायचा, असे ठरवले. इथे एक गंमत झाली. आमच्या शेजारच्या हिंदीभाषक घरात महिना पौर्णिमेला संपतो, आमचा अमावास्येला. त्यामुळे २०२४ साली त्यांचा सावन २२ जुलैला लागला आणि आमचा श्रावण ५ ऑगस्टला. शेजारीणबाई उपवासाचे साबुदाणे वाटून मोकळ्या झाल्या तरी आम्ही आषाढाच्याच पानांवर! पितृपक्ष मात्र दोघांचा एकच. आम्ही त्याला भाद्रपदात मोजतो आणि त्या आश्विनात. हे सारे नातीला समजावताना दिनदर्शिका, दुर्गाबाई आणि खिडकीबाहेरचा कडुनिंब असे तिन्ही पुढे घ्यावे लागले. यांना कडेचे दिसते, म्हणून झाडाचा रंग बदललेला यांना कळतो. "पानं तांबूस झालीत ना?" असे फाल्गुनात यांनीच प्रथम विचारले. वाचनाने माणूस पुन्हा खिडकीकडे वळला, याहून मोठी पावती मी दुर्गाबाईंना काय देणार?

दिवाळीनंतर 'युगान्त' घेतले. इरावती कर्वे यांचे महाभारतातील व्यक्तींवरचे हे लेख १९६७ साली प्रसिद्ध झाले आणि १९६८ साली त्यांना साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. इरावतीबाईंचा जन्म ब्रह्मदेशातला, आणि तेथील इरावती नदीवरूनच त्यांचे नाव ठेवलेले. मराठीतील हे दोन्ही श्रेष्ठ निबंधग्रंथ लिहिणाऱ्या दोन्ही बाई महाराष्ट्राबाहेर जन्मल्या, हे नातीच्या ध्यानात आले. आमच्या कोणाच्या आले नव्हते.

या पुस्तकात गांधारीवर एक लेख आहे. तो जवळ येऊ लागला तशी माझ्या जिवाची घालमेल होऊ लागली. आंधळा नवरा, त्याच्यासाठी डोळ्यांवर पट्टी बांधलेली बायको, आणि वाचणारी मी, ऐकणारे हे. लेख गाळून पुढचा घ्यावा असे मनात होते. पण यांनी पुस्तक पूर्वी वाचलेले. म्हणाले, "आज गांधारी आहे. वाच." मी वाचला. वनातले ते अखेरचे दिवस, ते दोन वृद्ध जीव, जन्मभर साचलेले बोलणे. आवाज दोनदा अडखळला, तरी शेवटापर्यंत वाचला. पुस्तक मिटल्यावर हे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "गांधारीनं मोठा त्याग केला असं सगळे म्हणतात. पण आंधळ्याच्या घरात दुसरं आंधळं माणूस काय कामाचं? तिनं पट्टी बांधली नसती, तर धृतराष्ट्राला रोज कोणीतरी वाचून दाखवलं असतं." थोडे थांबून पुढे म्हणाले, "तू चष्म्याचा नंबर तपासून घे." आमच्या संसाराला पन्नास वर्षे होत आली. यांच्या तोंडून याहून गोड वाक्य मी ऐकले असेल असे मला आठवत नाही. दुसऱ्याच दिवशी जाऊन मी नंबर तपासून आले.

पौषातल्या थंडीत माझा घसा बसला. इंदुरात थंडी चांगली असते. आठ दिवस आवाज फुटेना. नुकतेच 'स्मृतिचित्रे' हाती घेतले होते आणि हे पुन्हा खुर्चीत गप्प बसणार, या विचाराने मला बेचैन झाले. तिसऱ्या रात्री नात न सांगता आली, माझ्या खुर्चीत बसली आणि तिने पुस्तक उघडले.

लक्ष्मीबाई टिळकांचे हे आत्मकथन १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झाले. त्यांचे शाळेत असे शिक्षण झालेच नव्हते; लग्नानंतर पती नारायण वामन टिळक यांच्या मदतीने त्या लिहाय-वाचायला शिकल्या. मुलगा देवदत्त यांनी वडिलांच्या चरित्रासाठी आठवणी लिहून मागितल्या आणि त्यातून हे पुस्तक जन्मले. म्हणून ते बोलल्यासारखे लिहिलेले आहे. कुठे अडत नाही. आरंभीच लक्ष्मीबाईंच्या आजोबांना १८५७ च्या धामधुमीत झालेल्या फाशीची हकीकत येते, आणि त्या धक्क्याने सोवळ्याचे वेड लागलेल्या वडिलांची. घरात येणारी प्रत्येक वस्तू धुऊन घेतल्याखेरीज त्यांचे भागत नसे. नात वाचता वाचता थांबली. "आजोबा, म्हणजे हे गोडसे भटजींच्याच वेळचं?" वर्षारंभीच्या पुस्तकाचा धागा वर्षअखेरच्या पुस्तकाशी तिने जोडला होता.

पहिल्या रात्री तिची चार पाने झाली. 'ळ' अजून 'ल'कडे झुकत होता, जोडाक्षरे अडखळत होती. हे डोळे मिटून ऐकत आणि मधूनच एखादा शब्द दुरुस्त करीत. "माझी. माझा. दोन्ही नीट." माझा आवाज परत आला तरी मी माझी खुर्ची परत मागितली नाही. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले तेव्हा लक्ष्मीबाईंवर कोसळलेले दुःख, पाच वर्षांचा विरह, आणि मग पुन्हा जुळलेला संसार हे सारे मी श्रोत्याच्या जागेवरून ऐकले. टिळकांच्या विसरभोळ्या औदार्याच्या हकीकती आल्या की हे आणि नात दोघे एकदमच हसत. पुस्तक फाल्गुनात संपले, तेव्हा तिची रोजची पाने चाराची बारा झाली होती.

आता या वर्षाचा ताळेबंद मांडायचा तर पुस्तके पाच. यांची दृष्टी होती तिथेच आहे. डॉक्टर म्हणतात, आणखी थोडी उतरेल. त्याला माझ्याजवळ उपाय नाही. पण यांचे बोलणे परत आले आहे. संध्याकाळी फिरायला जाताना ओळखीचे कोणी भेटले, की चेहरा नीट दिसत नसला तरी हे आवाजावरून माणूस ओळखतात आणि काल रात्री काय वाचले ते सांगू लागतात. नातीला मराठीत किती गुण मिळतील याची पंचाईत नाही, कारण तिच्या शाळेत मराठी हा विषयच नाही. तिला मिळाले ते गुणांत मोजण्यासारखे नाही.

बृहन्महाराष्ट्रातील आपण सगळे मराठीच्या भवितव्याची काळजी संमेलनांत, मंडळांच्या सभांत नेमाने करतो. करावीच. इंदुराने १९१७, १९३५ आणि २००१ अशी तीनदा मराठी साहित्य संमेलने भरवली आहेत, आणि त्याचा मला अभिमान आहे. पण संमेलन तीन दिवसांचे. रात्र रोजचीच आहे. ज्यांच्या घरात एखादे मराठी पुस्तक आहे, एक वाचू शकणारे माणूस आहे आणि ऐकू शकणारे दुसरे आहे, त्यांना माझी विनंती एवढीच, की जेवणानंतर दहा पाने मोठ्याने वाचून पाहावीत. मुलांना बोलावू नये. दार मात्र उघडे ठेवावे.

नव्या वर्षाचे पान मी कालच आखले. यांचे म्हणणे, विश्राम बेडेकरांचे 'रणांगण' घ्यावे. १९३९ सालची ती छोटी कादंबरी यांनी कॉलेजात असताना एका रात्रीत वाचली होती. नात म्हणते, आधी काहीतरी विनोदी हवे, गेल्या वर्षी फार रडलो. दोघांचा वाद अजून मिटलेला नाही. वहीत यंदा एक रकाना मी वाढवला आहे : 'कोणी वाचले'.